धोका, दोष आणि मोहरीची उशी

ताई बाळंतपणासाठी घरी आली होती. भाची दोन महिन्यांची झाली तेव्हा एका शनिवारी मी लॅपटॉप घेऊन बसलो आणि घरच्यांना एक यादी वाचून दाखवली. बाळाला झोपवताना नेहमी उताणं झोपवायचं. गादी सपाट आणि घट्ट हवी. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली मोहरीची उशी काढायची. मऊ गोधड्या, खेळणी जवळ नकोत. फार गुंडाळायचं नाही. घरात कुणी सिगरेट ओढायची नाही. बाळ आईच्या खोलीत झोपावं, पण स्वतःच्या अंथरुणावर. आईचं दूध मिळालं तर उत्तमच.

"तुम्ही दोघं ह्याच उशीवर वाढलात," आई म्हणाली. हे अपेक्षित होतं, आणि त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं: जी मुलं वाचली तीच हे सांगायला उरतात. आजीचा प्रश्न मात्र अपेक्षित नव्हता. बाबांच्या आधी, १९६३ साली, तिला एक मुलगी झाली होती. तीन महिन्यांची असताना ती रात्री झोपेत गेली. घरात हा विषय कधी निघत नसे.

"पालथी घातली की शांत झोपायची ती," आजी म्हणाली. "म्हणजे माझ्यामुळे गेली का रे?"

मी घाईघाईनं "नाही गं आजी" म्हणून मोकळा झालो. पण पालथं झोपवल्यानं धोका वाढतो, हे मीच पाच मिनिटांपूर्वी सांगत होतो. मग हे 'नाही' मी कशाच्या जोरावर म्हणालो?

एक वर्षाच्या आतलं बाळ अचानक दगावतं. शवविच्छेदन, जागेची पाहणी, आधीच्या आजारांची चौकशी, सगळं करूनही कारण सापडत नाही. अशा मृत्यूला 'सडन इन्फन्ट डेथ सिन्ड्रोम' म्हणतात. म्हणजे हे निदान मुळात 'कारण सापडलं नाही' ह्याचंच नाव आहे. बहुतेक मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात. सर्वमान्य समजूत अशी की तीन गोष्टी एकत्र येतात: बाळात आधीपासून असलेली, बाहेरून न दिसणारी दुर्बलता, वाढीचा नाजूक टप्पा, आणि बाहेरचा ताण. पालथं झोपलेलं बाळ स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेऊ शकतं. ऑक्सिजन कमी पडला की एरवी बाळ जागं होतं, मान वळवतं. काही बाळं जागी होत नाहीत. ती कोणती, हे आधी ओळखता येत नाही.

यादी ह्यातल्या फक्त तिसऱ्या गोष्टीवर काम करते. पालथी झोपणारी बहुसंख्य बाळं सुखरूप वाढली, आणि उताणी झोपणारी काही बाळं आजही दगावतात. 'धोका' हा शब्द लाखो बाळांबद्दल बोलतो, एका बाळाबद्दल नाही. तो एका बाळाबद्दल, मागे वळून, बोलायला लावला की काय होतं ह्याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे.

सॅली क्लार्क वकील होती. तिचं एक बाळ १९९६ च्या डिसेंबरात आणि दुसरं १९९८ च्या जानेवारीत, दोन्ही तीन महिन्यांच्या आत गेली. तिच्यावर खुनाचा खटला झाला. नामवंत बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो ह्यांनी साक्ष दिली की अशा घरात एक मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. म्हणून दोन मृत्यूंची ७ कोटी ३० लाखांत एक. त्यांनी आकड्याचा वर्ग केला होता. पण एकाच घरातली दोन भावंडं म्हणजे नाण्याच्या दोन स्वतंत्र फेकी नव्हेत. जनुकं आणि घर दोघांचं एकच. शिवाय आकडा बरोबर धरला तरी त्याची तुलना आईनं दोन्ही मुलं मारण्याच्या शक्यतेशी करायला हवी, आणि तीही अत्यंत दुर्मीळच. लॉटरी लागणं दुर्मीळ असतं म्हणून लॉटरी लागलेला माणूस चोर ठरत नाही. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं २००१ मध्ये ह्या आकड्याला जाहीर आक्षेप घेतला. दुसऱ्या बाळाच्या जंतुतपासणीचे अहवाल दडून राहिले होते, ते उघड झाल्यावर २००३ मध्ये ती सुटली. २००७ मध्ये, दारूच्या अतिसेवनानं, ती वारली.

मला सगळ्यात हादरवून गेलं ते ८,५४३ ह्या आकड्याचं मूळ. घरात सिगरेट नाही, निदान एकाला पगार आहे, आईचं वय २६ च्या वर आहे, अशा घरांसाठीचा तो आकडा होता. म्हणजे धोका कमी होता हेच तिच्याविरुद्ध गेलं. यादी पाळली नाही तर निष्काळजी, धोका कमी असला तर खुनी. मागे वळून वाचली की कुठलीही यादी आरोपपत्र होते.

मग यादी वाचूच नये का? त्याचाही हिशेब उपलब्ध आहे. डॉ. स्पॉक ह्यांच्या घरोघरी पोचलेल्या पुस्तकानं १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पालथं झोपवण्याचा सल्ला दिला. उलटी झाली तर बाळ गुदमरू नये म्हणून. हेतू चांगलाच होता. २००५ मधल्या एका आढाव्यानुसार हा सल्ला घातक असल्याचा पुरावा १९७० पर्यंत जमा झाला होता, पण तो कुणी एकत्र मांडला नाही. ब्रिटनमध्ये उताणं झोपवण्याची मोहीम १९९१ मध्ये सुरू झाली आणि असे मृत्यू झपाट्यानं घटले. हे आधी झालं असतं तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांवर बाळं वाचली असती, असा त्या आढाव्याचा अंदाज आहे. कुणाला दुखवू नये म्हणून गप्प बसणं इतकं महाग पडू शकतं.

आमच्या धंद्यात सिस्टिम कोसळली की 'दोषारोपाशिवाय चौकशी' करायची पद्धत आहे. कुणाचं बोट कुठल्या बटणावर पडलं हे विचारायचं नाही; ते पडू कसं शकलं, हे विचारायचं. मला ती पद्धत आवडते, पण ती पळवाटही होऊ शकते. ज्यांच्या हाती पुरावा होता आणि ज्यांनी तो पाहिला नाही, त्यांना जाब विचारलाच पाहिजे. दोष ज्ञानाच्या मागे जातो. आजीकडे ते ज्ञान नव्हतं; १९६३ मध्ये ह्या मृत्यूला हे नावसुद्धा नव्हतं. माझ्याकडे ते आहे, म्हणून उशी काढण्याची जबाबदारी माझी. तिच्यावर तेव्हा ती नव्हती.

दोन दिवसांनी मी तिला खरं उत्तर दिलं. म्हटलं, "आजी, ती कशानं गेली हे मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही. पण तू तिला शांत झोप लागावी म्हणून पालथं घातलंस, एवढं नक्की." ती काही बोलली नाही. माझ्या 'नाही'पेक्षा हे तिला बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही.

त्या रात्री ताईच्या खोलीत दिवा गेल्यावर आजीनं दारातून हळूच विचारलं, "उताणी आहे ना गं?"

तेव्हापासून ती रोज विचारते.