टाकीतला संशयित

रात्रीचे दोन वाजून गेले होते. त्या आठवड्यात माझी ऑन-कॉल पाळी होती, म्हणजे ऑफिसची सिस्टीम मध्यरात्री कोसळली तर उठून बघायचं काम माझं. परळच्या आमच्या घरात मी हॉलमध्ये झोपतो आणि माझी खाऱ्या पाण्याची टाकीही हॉलमध्येच आहे. लॅपटॉप गप्प होता. आवाज आला तो टाकीतून. टक्. काचेवर कुणी नाणं मारावं तसा. थोड्या वेळाने पुन्हा, टक्.

ज्यांनी अशी टाकी ठेवलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोड्या पाण्यातले गोल्डफिश पाळणं आणि समुद्री मासे पाळणं यांत खूप फरक आहे. माझ्या १२० लिटरच्या टाकीतलं पाणी मीठ मोजून घालून बनवलेलं आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो माशांनाच मारतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू लागतात. ते राहतात समुद्रातून आणलेल्या सच्छिद्र दगडात. हौशी लोक त्याला 'लाइव्ह रॉक' म्हणतात, कारण तो दगड जिवंत प्राण्यांनी भरलेला असतो. जिवाणूंसोबत त्याच्या भोकांत बसून आणखीही मंडळी येतात. त्यांना 'हिचहायकर' म्हणतात, फुकटची लिफ्ट मागून आलेले. खरं तर त्यांनी लिफ्ट मागितलेली नसते. ते आपल्या घरात बसलेले असतात आणि आपण त्यांचं घरच उचलून आणतो. पण हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

या पाहुण्यांमध्ये सर्वात बदनाम आहे मँटिस श्रिम्प. नावात श्रिम्प असलं तरी ती कोळंबी नव्हे. त्याच्या काही जातींचे पुढचे अवयव हातोड्यासारखे असतात आणि त्यांचा फटका सेकंदाला वीस मीटरहून जास्त वेगाने बसतो. शंख, खेकडे, मासे, काहीही फुटतं. आणि तो दगडात लपून 'टक्' असा आवाज करतो.

तीन दिवसांनी माझा फायरफिश दिसेनासा झाला. पांढऱ्या अंगाचा, शेपटीकडे लाल होत जाणारा, बोटाएवढा मासा. मी दोन अधिक दोन चार केले. शनिवारी रात्री दगड बाहेर काढला, सोड्याची बाटली आणली आणि सिरिंजने भोकांत सोडा मारला. तिसऱ्या भोकातून माझ्या करंगळीएवढा एक प्राणी गुंगल्यासारखा बाहेर आला. मी त्याचा एक फोटो काढला आणि त्याला उकळत्या पाण्याच्या मगमध्ये टाकलं. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. माझ्या माशाला न्याय मिळाला होता.

रविवारी सकाळी फोटो मोठा करून पाहिला. एक नांगी दुसरीच्या कितीतरी पट मोठी होती. मँटिस श्रिम्पची नसते तशी. ती होती पिस्तूल कोळंबी. ती नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि लगेच फुटतो. 'टक्' आवाज नांगी आपटल्याचा नसून बुडबुडा फुटल्याचा असतो, हे २००० साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. ही कोळंबी वाळूत बिळं खणते, बारीकसारीक जीव खाते, टाकीतल्या माशांच्या वाटेला सहसा जात नाही. उलट तिच्या काही जातींची गोबी माशांशी भागीदारी असते. कोळंबीला नीट दिसत नाही, म्हणून ती बीळ खणते आणि मासा दारात पहारा देतो. धोका दिसला की मासा शेपटी हलवतो आणि दोघं आत पळतात.

मग मासा कुठे गेला? ते आईने शोधून काढलं. केर काढताना टाकीच्या स्टँडमागून तिने काहीतरी ओढलं आणि म्हणाली, "हा बघ तुझा मासा. वाळून सुकट झालाय."

फायरफिश घाबरला की उडी मारतो, हे मला ठाऊक होतं. टाकीवर जाळी बसवायची, हे माझ्या फोनमधल्या यादीत दोन महिने पडून होतं. ऑफिसात असं काही घडलं तर आम्ही नंतर बसून मूळ कारण लिहून काढतो. इथे मूळ कारण एका ओळीचं होतं: जाळी लावली नाही. शिक्षा मात्र भलत्यालाच झाली.

हे मी घरी सांगितलं तेव्हा बहीण हसली. "बुधवारी तीन वेळा कालवण वाढून घेतलंस. त्यात किती कोळंब्या होत्या? त्यांचं काही वाटलं नाही?"

प्रश्न रास्त होता. आम्ही मूळचे मालवणकडचे, आमच्या घरात मासे हाच स्वयंपाक. मग एका कोळंबीचं एवढं का मनाला लावून घ्यायचं? उत्तर सापडायला मला बरेच दिवस लागले. कालवणातल्या कोळंबीवर आम्ही कसलाही आरोप ठेवत नाही. तिने काही केलं म्हणून आम्ही तिला खात नाही. आम्हाला भूक लागते, ती चविष्ट असते, एवढंच. या हिशेबात हिंसा आहे, पण खोटेपणा नाही. सिरिंज घेऊन उभा राहिलो तेव्हा मी स्वतःला मारेकरी समजत नव्हतो, न्यायाधीश समजत होतो. त्यामुळे तपास करायची गरजच वाटली नाही. एकदा एखाद्याला 'उपद्रवी' म्हटलं की पुढचं सगळं सोपं होतं. पुरावा म्हणून एक आवाज पुरतो.

आजीने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि लालबागच्या चाळीतली एक गोष्ट सांगितली. आजोबा गिरणीत होते. त्यांच्या मजल्यावर गावाकडचा एक मुलगा नवीन आला होता. तो बदली कामगार होता. रोज सकाळी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्या दिवसापुरतं काम. खोलीत जागा नव्हती म्हणून तो गॅलरीत झोपायचा. एके दिवशी कुणाचा तरी तांब्याचा हंडा गेला. रात्री गॅलरीत कोण असतं? तोच. चार जणांनी त्याला मारलं, त्याची वळकटी जिन्यावरून खाली फेकली. पंधरवड्याने कळलं, घरातल्याच माणसाने हंडा गहाण टाकला होता. आजी म्हणाली, "हंडो गावलो, पण तो चेडो काय परत दिसाक नाय."

माणसाची आणि कोळंबीची तुलना करू नये, हे मला कळतं. माणसाला मारताना तो बोलू शकतो, 'मी नाही' म्हणू शकतो. त्याचं न ऐकणं हा आणखी मोठा गुन्हा आहे. पण मारणाऱ्याच्या डोक्यात जे चालतं ते मात्र दोन्हीकडे सारखंच वाटलं. काहीतरी हरवलंय, कुणीतरी नवीन आहे, आणि रात्री तिकडून आवाज येतो.

समजा, तो खरंच मँटिस श्रिम्प असता आणि त्याने खरंच मासा खाल्ला असता, तर? इंग्लंडमधल्या न्यूक्वे गावातल्या मत्स्यालयात २००९ साली हेच घडलं. मासे जखमी व्हायचे, प्रवाळ तुटलेले दिसायचे. सापळे लावले तर गळ तोडलेले सापडायचे. शेवटी पूर्ण टाकी मोकळी केली तेव्हा दगडांतून चार फुटी किडा निघाला, बहुधा लहान असताना आलेला. त्यांनी त्याला मारलं नाही. 'बॅरी' असं नाव ठेवून वेगळी टाकी दिली. तो गुन्हेगार नव्हताच. त्याच्या जातीचे किडे समुद्रात जे करतात तेच तो करत होता. फरक एवढाच की समुद्रात त्याचं भक्ष्य पळून जाऊ शकतं, टाकीत पळायला जागा नसते. आणि ती पेटी माणसाने बनवलेली असते.

माझ्याकडे दुसरी टाकी ठेवायला जागा नाही. परळमधल्या घरात वेगळी खोली मला स्वतःलाच मिळालेली नाही. बहीण म्हणाली, "मग दादर चौपाटीवर नेऊन सोडायचं ना समुद्रात. पुण्य लागेल." ऐकायला सर्वात दयाळू वाटणारा पर्याय हाच, आणि सर्वात वाईटही हाच. लायनफिश हा हिंदी आणि प्रशांत महासागरातला मासा. १९८५ च्या सुमारास तो फ्लोरिडाच्या पाण्यात दिसला, बहुधा कुणीतरी टाकीतून सोडलेला. आज कॅरिबियनभर तो स्थानिक माशांची पिल्लं फस्त करत फिरतो. जहाजांवरून आलेले परके शिंपले मुंबईच्या गोद्यांतही चिकटलेले सापडले आहेत. सोडून देण्याने आपलं मन हलकं होतं, पण ओझं दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जातं. त्यापेक्षा मारायचंच असेल तर स्वतः, ओळख पटवून, पटकन आणि कमीत कमी वेदना देऊन मारावं. त्याला 'धडा शिकवला' मात्र म्हणू नये.

एक गोष्ट उरली, सर्वात अवघड. टाकी पुन्हा लावताना मी तो दगड पहिल्यांदा नीट उलटा करून पाहिला. खालच्या बाजूला बारीक, चांदणीसारख्या खाचांची नक्षी होती. तो प्रवाळाचा सांगाडा होता. भारतात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. ते काढणं आणि विकणं गुन्हा आहे. मुंबईतही ते आहे. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरचं प्रवाळ २०२० मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावं लागलं. दुकानदाराने दगड कुठून आणला, हे मी विचारलं नव्हतं. भाव तेवढा केला होता. म्हणजे या घरात बेकायदा आलेला कुणी असेलच, तर तो त्या कोळंबीने आणलेला नव्हता. तिला आणि तिच्या घराला मीच आणलं होतं.

आता टाकीवर जाळी आहे. नवा दगड मी घेणार नाही. हौशी लोक हल्ली मातीचे भाजलेले तुकडे वापरतात. जिवाणू त्यांतही राहतात, वेळ जास्त लागतो एवढंच. जुन्या दगडाचं काय करायचं याचं साधं उत्तर माझ्याकडे नाही. समुद्रात टाकता येत नाही, विकणं तर नाहीच. सध्या त्याची काळजी घेणं एवढंच हातात आहे. वाळूतले केसाळ किडे वाढले की पूर्वी मी चिमट्याने वेचून मारायचो. आता आधी बघतो, मी खाणं जास्त टाकतोय का. बहुतेक वेळा टाकत असतो. उरलेलं अन्न खाऊनच ते वाढतात.

गेल्या महिन्यात पुन्हा ऑन-कॉल पाळी होती. पहाटे तीनच्या सुमारास आवाज आला. टक्. दगडात आणखी एक होती तर. मी उठलो, लाल दिवा लावला आणि आधी मासे मोजले.

सगळे होते. दिवा बंद करून मी झोपलो.