आधी दुसऱ्याचं म्हणणं

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एक वाद जिंकलो होतो.

माझी मोठी आत्या बार्शीला असते. तिने एक मेसेज पुढे पाठवला होता: अमुक ठिकाणचा अंगारा लावला आणि ओळखीतल्या कुणा बाईंची गुडघेदुखी थांबली. मी तेव्हा हिंजवडीत रात्रीच्या डिप्लॉयमेंटला बसलो होतो. बिल्ड चालू होता, हातात वेळ होता. मी मुद्देसूद उत्तर लिहिलं. एखादी गोष्ट नंतर घडली म्हणजे ती त्यामुळेच घडली असं नसतं. गुडघेदुखी आपोआपही कमीजास्त होते. ज्यांना अंगाऱ्याने गुण आला नाही, त्यांचे मेसेज कुणी पुढे पाठवत नाही. इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शेवटी मी आणखी एक वाक्य टाकलं: ‘वारीला जाऊन जाऊन डोकं पण विठोबाला वाहिलंस की काय?’ पुढे दोन हसऱ्या इमोजी. सात जणांनी अंगठे दिले. आत्याने लिहिलं, ‘बरं बाबा, तू शिकलेला.’

त्यातले पहिले तीन मुद्दे मला आजही बरोबर वाटतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा आता देवाला लागलाय. नाही लागलो.

त्यानंतर सहासात महिने आत्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही बोलली नाही. ते माझ्या लक्षातही आलं नाही, हे जास्त वाईट. मग एका रविवारी आतेभावाचा फोन आला. आईच्या पायाची जखम चिघळलीय, अॅडमिट केलंय, अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागणार म्हणतात. आत्याला पंधरा वर्षं डायबेटीस आहे. कुणा एका बाबाने दिलेल्या पुड्या ती चार महिने घेत होती आणि त्याच्या सांगण्यावरून गोळ्या बंद केल्या होत्या. घरात कुणाला पत्ता नव्हता.

तिचे रक्ताचे रिपोर्ट एरवी मीच वाचून दाखवायचो. ती फोटो पाठवायची, मी आकड्यांचा अर्थ सांगायचो. म्हणून दवाखान्यात तिच्याजवळ बसल्यावर मी विचारलं, ‘मला एकदा तरी विचारायचंस ना.’

‘तुला विचारलं असतं तर तू ग्रुपवर टाकलं असतंस.’

भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. राग नव्हता. थोड्या वेळाने म्हणाली, ‘आणि दिंडीतल्या कुणाला कळू देऊ नका. माळकऱ्यांत हे असलं चालत नाही.’

हे दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा जड गेलं. पहिल्यात माझा उद्धटपणा होता, तो मान्य करून मोकळं होता आलं असतं. दुसऱ्यात मात्र माझी चूक वेगळीच होती: मला तिचं म्हणणं मुळात कळलेलंच नव्हतं. माझ्या लेखी वारी, अंगारा, पुडी, बाबा हे सगळं एकाच डब्यातलं. तिच्या लेखी त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. नवस-सायास आणि अंगारे-धुपारे यांच्यावर वारकरी संतांनी जेवढे कोरडे ओढलेत तेवढे मी जन्मात ओढू शकणार नाही, आणि ते तिला पाठ आहेत. बाबाकडे जाताना ती तिच्याच श्रद्धेच्या विरोधात जात होती, हे तिला कळत होतं. म्हणजे त्या बाबाविरुद्ध माझ्या बाजूने उभं राहू शकेल असं एक माणूस घरात होतं, आणि मी नेमक्या त्याच माणसाची वारीवरून टर उडवली.

पुडी दिली बाबाने, मी नाही. उगाच सगळं पाप डोक्यावर घेऊन मोठेपणा मिरवायचा नाही. पण गोळ्या बंद करण्याआधी तिने ज्याला फोन केला असता असा माणूस मी होतो, आणि तो फोन मी आधीच बंद करून ठेवला होता. चेष्टा केली की श्रद्धा संपत नाही. ती फक्त आपल्यापासून लपवली जाते. आणि लपवलेल्या गोष्टीची चिकित्सा करता येत नाही.

माझं संस्कृत शाळेत मार्क मिळवण्यापुरतंच होतं. पण ‘वितंडवाद’ हा शब्द आपण इतका सैल वापरतो की तो आला कुठून, हे मी त्या काळात शोधायला गेलो. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. वाद सत्य शोधण्यासाठी असतो. दोन्ही पक्ष प्रमाणं देतात आणि पटलं तर बदलायला तयार असतात. जल्प जिंकण्यासाठी असतो, त्यात शब्दच्छलही चालतो. त्याचं ठरलेलं उदाहरण ‘नवकंबल’. कुणी म्हणालं, या मुलाकडे नव कांबळं आहे. म्हणजे नवं. समोरचा म्हणतो, कुठे आहेत नऊ? एकच तर दिसतंय! वितंडेत तर स्वतःची बाजूच मांडायची नसते, दुसऱ्याची मोडली की झालं. माझा त्या रात्रीचा मेसेज वादाने सुरू झाला आणि जल्पात संपला. ‘डोकं विठोबाला वाहिलंस का’ हे नऊ कांबळ्यांपेक्षाही खालच्या दर्जाचं.

इथवर सगळं सोपं आहे: वाद चांगला, बाकीचे वाईट. पण सूत्रकार तसं म्हणत नाहीत. शेतकरी कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतो, तसे जल्प आणि वितंडा हे सत्याच्या रक्षणासाठी वापरावेत, असं ते म्हणतात. वाद मात्र गुरू, शिष्य, सहाध्यायी, ज्यांच्या मनात असूया नाही अशांशी करावा. म्हणजे काटे वापरायला बंदी नाही. ते कुणाच्या तोंडावर ठेवायचे, हा प्रश्न आहे. पुड्या विकणाऱ्या बाबाशी अदबीने पूर्वपक्ष मांडत बसायची मला काही गरज वाटत नाही. त्याला उघडं पाडावं, तक्रार करावी. मी ते काटे आत्याला टोचले.

नास्तिक मित्रांशी बोलताना नेमकी इथेच माझी अडचण होते. ‘सभ्यपणे बोला’ म्हटलं की त्यांना ‘गप्प बसा’ असं ऐकू येतं, आणि त्यांचंही चूक नाही. महाराष्ट्रात हा विषय कागदावरचा नाही. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरायला बाहेर पडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दुखावलेल्या भावना आणि झाडलेल्या गोळ्या एका तराजूत टाकून ‘दोन्ही बाजूंनी संयम पाळावा’ म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. पण दाभोलकरांची पद्धत काय होती, तेही बघायला हवं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका देवाधर्माला विरोध करण्याची नव्हती, शोषणाला विरोध करण्याची होती. डॉ. श्रीराम लागूंना हे पुरेसं वाटत नसे. परमेश्वरालाच रिटायर करा, असं ते जाहीरपणे म्हणत. तरी हे दोघे एकाच व्यासपीठावर बसत, आपापलं वेगळं मत मांडत आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. आपल्या बाजूच्या माणसाशी असलेला मतभेद न लपवता विरोधी मताच्या लोकांसमोर बसायचं, याला धैर्य लागतं. सात अंगठ्यांच्या आधाराने मेसेज टाकायला लागत नाही.

ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले तो २०१३ च्या डिसेंबरात झाला. साप-विंचू चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्र-तंत्राचे उपचार करणं त्यात गुन्हा ठरवलंय. आणि यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असंही त्यातच लिहिलंय. म्हणजे जो फरक सरकारी मसुद्याला करता आला, तो मला सख्ख्या आत्याच्या बाबतीत करता आला नव्हता.

आमच्या धंद्यात एक साधी शिस्त आहे. बग आला की आधी तो रिप्रोड्यूस करायचा, म्हणजे आपल्या मशीनवर तसाच्या तसा घडवून दाखवायचा. तो घडवता येत नसेल तर तुम्ही दुरुस्त काय करणार? ‘माझ्याकडे चालतंय’ म्हणून तिकीट बंद करणाऱ्याला टीममध्ये कुणी विचारत नाही. (श्रद्धेला बग म्हटलेलं आत्याला आवडणार नाही. मलाही ही उपमा पूर्ण पटत नाही, पण हातात हीच आहे.) जुन्या पंडितांचा पूर्वपक्ष म्हणजे बऱ्याच अंशी हेच. आधी दुसऱ्याचं म्हणणं त्याला ओळखू येईल असं मांडायचं, मग खोडायचं. चौदाव्या शतकातला माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ चार्वाकांपासूनच सुरू होतो. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सगळे हरवले. ते काय म्हणत होते हे आपल्याला कळतं ते बहुतेक त्यांच्या विरोधकांमुळे. आता विरोधकांनी त्यात आपली मिरची घातली नसेल असं नाही. पण आमचा ग्रुप सोडून बाकी सगळं नष्ट झालं, तर माझ्या मेसेजवरून पाचशे वर्षांनी कुणाला वारी म्हणजे काय हे किती कळेल?

मग आस्तिकांनी काय करायचं? त्यांचंही एक हत्यार आहे, आणि ते माझ्यावर आयुष्यभर चालवलं गेलंय: ‘तुझ्यावर वेळ आली की कळेल.’ हे मायेने म्हटलं जातं, पण त्याचा अर्थ असा की तुझा विचार हा विचारच नाही, तुझं अजून वाईट झालेलं नाही इतकंच. माझे वडील गेले तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. वेळ येऊन गेली. हे मी कुणाला सांगत बसत नाही, पण त्या वाक्याने माझ्या मनातलं कांबळं एका फटक्यात नऊ होतं.

दोन्ही बाजूंनी नीट वागलेली माणसं शोधताना मला सेवाग्राम सापडलं. आंध्रचे गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि उघड नास्तिक. त्यापायी त्यांच्या नोकऱ्याही गेल्या. अस्पृश्यता निवारणाचं काम ते नास्तिक म्हणूनच करत. गांधींनी सुरुवातीला पत्रांतून नास्तिकतेबद्दल नापसंतीच दाखवली. १९४४ मध्ये दोघे भेटले आणि बोलणं सुरू झालं. पुढे गोरांनी आपल्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणाशी ठरवलं. ते आश्रमात करायला गांधी तयार झाले आणि विधीत देवाच्या नावाऐवजी सत्याचं नाव घ्यायचं कबूल केलं. लग्न होण्याआधीच जानेवारी १९४८ मध्ये गांधींचा खून झाला. मार्चमध्ये ते लग्न सेवाग्रामलाच लागलं. गोरा आस्तिक झाले नाहीत, गांधी नास्तिक झाले नाहीत. देवाचं नाव गाळायला रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल, याचा मी बऱ्याचदा विचार करतो.

आत्याला आता लांब चालवत नाही. या आषाढीला मी दोन दिवस रजा टाकून तिला गाडीने वाखरीला रिंगण बघायला घेऊन गेलो. कुर्डुवाडी गेल्यावर तिने विचारलं, ‘तुझा खरंच काहीच विश्वास नाही?’

‘नाही.’

‘मग मी पायी एवढं कशाला जात होते असं वाटतं तुला?’

मी जरा विचार केला. म्हणालो, ‘बरोबरच्या बायका, चालायची सवय, घरातल्या रगाड्यातून अठरावीस दिवस सुटका, आणि शेवटी तो दिसला की मन हलकं होतं. असं.’

‘बायका आणि सुटका बरोबर,’ आत्या म्हणाली. ‘मन हलकं-बिलकं काही नाही. उलट जड होतं. परत सांग.’