उभ्या पिकात बांध

तासगावकडच्या एका खेड्यात अण्णा राहतात. 2013 साली प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले तेव्हा हातात आलेल्या पैशातून त्यांनी एक लॅपटॉप घेतला आणि पुढची बारा वर्षं त्यावर एकच काम केलं. गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे बसून जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या, वहीत उतरवायच्या, रात्री टाइप करून ठेवायच्या. अकराशेच्या वर ओव्या झाल्या. सांगणाऱ्यांपैकी निम्म्या बायका आज हयात नाहीत.

लॅपटॉपही आता थकला होता. बटण दाबून अण्णांनी गोठ्यात फेरी मारून यावं, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. अण्णांचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. दुकानदार म्हणाला, भंगारात घाला आणि नवा घ्या. अण्णा काही न बोलता लॅपटॉप काखेत मारून घरी आले.

दिवाळीला नात आली. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. म्हणाली, "अण्णा, यावर लिनक्स मिंट टाकून देते. विंडोजही राहील. सुरू करताना यादी येईल, हवं ते निवडायचं." तिनं पेन ड्राइव्ह लावला आणि काहीही न बसवता, नुसता त्या पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून दाखवला. तोच लॅपटॉप झरझर चालू लागला. अण्णांनी विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, "याचा गाभा 1991 साली हेलसिंकीतल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं, लिनस टोरवाल्ड्सनं लिहायला घेतला. मग जगभरच्या लोकांनी भर घातली. कुणीही घ्यावं, बदलावं, वाटावं."

"म्हणजे ओवीसारखंच," अण्णा म्हणाले. "एकीनं धरायची, दुसरीनं पुढं न्यायची."

बसवायला घेतल्यावर मात्र घोडं अडलं. विंडोजच्या शेजारी बसवण्याचा पर्याय यायला हवा होता, तो आलाच नाही. विंडोज बंद केलं तरी ते पुरतं बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून ते आपली काही अवस्था डिस्कवर ठेवून अर्धवट झोपतं, आणि असल्या डिस्कची हलवाहलव करायला मिंट तयार होत नाही. नातीला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि पहाटे सहाची तिची एसटी होती. समोर एक सोपा पर्याय दिसत होता: डिस्क पूर्ण पुसून मिंट बसवा. बाण त्यावर गेला.

"यात माझ्या ओव्या कुठं आहेत?" अण्णांनी विचारलं.

तिला उत्तर देता आलं नाही. सी ड्राइव्हमध्ये असतील, डेस्कटॉपवर असतील, एवढंच ती म्हणाली.

अण्णांनी चष्मा काढला. "आमच्या वाटणीचं सांगतो. वडील आणि चुलते वेगळे झाले तेव्हा रानात शाळू पोटरीला आला होता. वडील म्हणाले, सुगी होऊ दे, रान मोकळं झालं की दोरी धरू. चुलत्यांना धीर नव्हता. त्यांनी उभ्या पिकातून बांध घातला. बैल फिरले, माती ओढली, ताटं आडवी झाली. बांध चांगला झाला बघ, आजही आहे. पण त्या वर्षी दोन्ही घरांनी दाणे विकत आणले."

नातीनं पेन ड्राइव्ह काढला. सकाळची एसटी तिनं जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं आधी ओव्यांचं सगळं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. खात्री करावी म्हणून ती शेजारच्या घरातल्या संगणकावर ते उघडायला गेली. अण्णाही मागोमाग गेले. फाइल उघडली, आणि ओवीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, चिन्हं! अण्णांचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला. अकराशे ओव्या आणि एकही वाचता येईना.

फाइल धड होती. अण्णांचा फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा. त्यात इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. तो फॉन्ट नसला की संगणक खणातलं मूळ इंग्रजी अक्षर दाखवतो. म्हणजे नातीनं वही नेली होती, वाचणाऱ्याला घरीच ठेवलं होतं. रात्री डिस्क पुसली असती, तर टाइप करायचं ते जुनं सॉफ्टवेअर आणि फॉन्टही गेला असता. विंडोज का ठेवायचं, हे तिला त्या पडद्यासमोर कळलं.

मग तिनं फॉन्टही उतरवून घेतला. प्रत्येक फाइलची पीडीएफ केली, कारण तिच्यात अक्षरांचे आकार सोबतच जातात. शेजारी जाऊन ती पुन्हा उघडली आणि अण्णांना मोठ्यानं वाचायला लावली. पहिली ओवी वाचताना अण्णांचा आवाज कापत होता.

त्यानंतर वाटणी. डिस्कवर 300 जीबी रिकामी होती, पण विंडोज जेमतेम 11 जीबी सोडायला तयार होतं. विंडोजच्या स्वतःच्या एकदोन फायली पार लांब, रिकाम्या जागेच्या पलीकडे बसल्या होत्या आणि चालू असताना त्या हलत नाहीत. नातीनं झोपेची फाइल बंद केली. त्यासरशी ती अर्धवट झोपही गेली. आभासी मेमरीची फाइल तात्पुरती काढली, आणि डिस्क रात्रभर आवरायला लावली. सकाळी जागा मोकळी झाली. तिनं त्यातली 80 जीबी तेवढी घेतली, बाकीची विंडोजलाच ठेवली आणि मेमरीची फाइल परत जागेवर आणली.

या वेळी विंडोजशेजारचा पर्याय आपसूक आला. अर्ध्या तासात मिंट बसला.

दोन दिवसांनी अण्णांनी विंडोज उघडलं, तर सकाळी साडेदहाला घड्याळात पाच वाजलेले! लॅपटॉपच्या आतलं घड्याळ मिंट जागतिक वेळेवर ठेवतो आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा. नातीनं फोनवरून एक ओळ सांगितली, अण्णांनी ती मिंटमध्ये एकेक अक्षर जुळवून टाइप केली आणि दोघांचं घड्याळ एक झालं.

आता अण्णा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकताहेत. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. दुपारी विंडोजमध्ये जुनी फाइल उघडून पाच ओव्या वहीत उतरवतात आणि रात्री मिंटमध्ये त्या युनिकोडमध्ये लिहून नातीला पाठवतात. तिच्या फोनवर त्या जशाच्या तशा उमटतात.

परवा होस्टेलवर एक मैत्रीण तिच्याकडे जुना लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, तुला येतं ना, पटकन लिनक्स टाकून दे. नातीनं लॅपटॉप उघडला, पण पेन ड्राइव्ह लावला नाही. तिनं वही आणि पेन पुढं ओढलं.

"आधी सांग," ती म्हणाली, "यात तुझं काय काय आहे?"