आजचं चिंतन : घरी कोण बसलंय, मी की माझी छाया?

॥ श्री सूर्यनारायणाय नमः ॥



जिवंत माणसाचा हुबेहूब दुसरा दिसणं, ही समजूत जगभर आहे. जर्मनीत आणि आयर्लंडमध्ये असं दिसणं म्हणजे मृत्यूची चाहूल मानत. नॉर्वेत मात्र भीती नाही. तिथे म्हणतात की माणूस घरी पोचण्याआधीच त्याची पावलं, दाराचा आवाज ऐकू येतो. तो स्वतः थोड्या वेळाने येतो. त्याला ते 'वारडोगर' म्हणतात.

आपल्याकडे ही गोष्ट थेट सूर्याच्या घरात घडलीय. विष्णुपुराणात तिसऱ्या अंशात आहे, मार्कंडेय पुराणातही आहे. विश्वकर्म्याची मुलगी संज्ञा ही सूर्याची पत्नी. मनू, यम आणि यमी ही तिची मुलं. नवऱ्याचं तेज तिला सोसेना. पण ती बोलली नाही. तिने आपल्यासारखीच एक स्त्री निर्माण केली, छाया. तिला घरात ठेवलं आणि स्वतः निघून गेली. पुढे अरण्यात घोडीच्या रूपात तप करत राहिली.

सूर्याला काही कळलंच नाही! जो सगळं जग पाहतो, त्याला स्वतःच्या घरातलं दिसलं नाही. छायेला शनी वगैरे मुलं झाली. मग ती आपल्या मुलांना जवळ करू लागली आणि थोरल्यांना दूर. एकदा यमाने रागाने पाय उगारला, तर तिने शाप दिला, "तुझा पाय गळून पडो." यम वडिलांकडे गेला आणि म्हणाला, मूल कितीही चुकलं तरी आई असा शाप देत नाही, ही आमची आई नव्हे.

चेहरा तोच, आवाज तोच. फरक फक्त मायेत होता, आणि तो पोराने ओळखला.

हे वाचताना मला माझी आई आठवली. गेल्या दिवाळीत चार दिवस घरी गेले होते. लॅपटॉप उघडाच. आई शेजारी बसून काहीतरी सांगत होती, मी "हं, हो का, बरं" करत होते. निघताना ती डबा हातात देत म्हणाली, "पुढच्या वेळी तू ये हं." मी हसले. बसमध्ये अर्थ कळला. महिन्याभराने मावशीकडून समजलं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. "तुला दिवाळीतच सांगितलं होतं तिने," मावशी म्हणाली. मी "बरं" म्हटलं असणार.

मी नाही, माझ्या छायेने म्हटलं होतं.

पण कथा इथे संपत नाही, हे मला फार आवडतं. सूर्य संज्ञेला दोष देत बसला नाही. विश्वकर्म्याने त्याला चाकावर चढवून त्याचं तेज तासलं. त्या तासलेल्या तेजातून विष्णूचं चक्र झालं, शिवाचा त्रिशूळ झाला. मग सूर्य स्वतः घोडा होऊन अरण्यात गेला आणि तिला घरी घेऊन आला. संज्ञा वाईट नव्हती, थकली होती. आपणही थकलेलोच असतो ना? ऑफिसचं, ईएमआयचं तेज सोसत नाही, म्हणून छाया पुढे करतो. उपाय आहे तो बोलण्यात, आणि थोडं तेज उतरवण्यात.

ऑपरेशनला मी गेले. लॅपटॉप नेला नाही. डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आलीस होय?"

आजचा संकल्प एवढाच : रात्री जेवताना फोन दुसऱ्या खोलीत. आणि देवापुढे बसल्यावर स्वतःला एकदा विचारायचं, हात जोडलेत ते कोणी? मी की छायेने?

हे सूर्यनारायणा, जिथे माझं शरीर आहे तिथे मलाही असू दे.

॥ शुभं भवतु ॥