निष्काम सेवकाचे आभार

दीर्घकाळच्या दुखण्याने गांजलेली माणसे एकत्र येतात, एकमेकांना धीर देतात, पथ्य सांभाळण्यास साह्य करतात. आणि त्यांच्यातीलच कोणी एक जण वर्षानुवर्षे त्या मंडळाचा भार वाहतो. पुढे वयामुळे, प्रकृतीमुळे, किंवा केवळ कार्य इतरांच्या हाती जावे म्हणून तो बाजूस होतो. अशा वेळी मंडळाने त्याचे आभार कसे मानावेत, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. परंतु गीतेचे चिंतन करणाऱ्यांच्या बैठकीत तो निघाला म्हणजे त्याला निराळेच वळण लागते. ज्याने फळाची आशा न धरता सेवा केली, त्याच्यापुढे आभाररूपी फळ ठेवणे हा त्याच्या व्रताचा भंग नव्हे काय? आणि ज्याने आभारांची अपेक्षा ठेवूनच सेवा केली, तो आभारास पात्र तरी कसा? अशा रीतीने दोन्ही बाजूंची दारे बंद होतात आणि लोक गप्प बसतात.

शंका चतुर आहे. तथापि तिच्यात एक गफलत आहे. दुसऱ्या अध्यायातील फलत्यागाचा उपदेश कर्म करणाऱ्यास केलेला आहे. सतराव्या अध्यायात, ज्याच्याकडून परतफेड होण्याजोगी नाही अशास दिलेले दान सात्त्विक आणि परतफेडीच्या आशेने दिलेले दान राजस ठरविले आहे. तीही कसोटी देणाऱ्याचीच. घेणाऱ्यासाठी तिसऱ्या अध्यायात वेगळे वचन आहे. देवांनी दिलेले भोग त्यांना काहीही अर्पण न करता जो एकटा भोगतो, त्याला तेथे 'स्तेन' म्हटले आहे. स्तेन म्हणजे चोर. देणारा निरपेक्ष आहे एवढ्याने घेणाऱ्याची चोरी माफ होत नाही. कर्त्याचा वैराग्यधर्म भोक्त्याने आपल्या आळसाची ढाल म्हणून पुढे करावा, हा प्रकार समाजात पुष्कळ दिसतो. घरातील आईच्या बाबतीत तर तो इतका रूढ आहे की, त्यात कोणाला दोषही दिसत नाही.

आभार मानणे हे कर्तव्य ठरले, तरी कोणत्या रीतीने, हे उरतेच. त्याचा विचार नुसत्या कल्पनेने करण्यापेक्षा एखाद्या खऱ्या मंडळाच्या इतिहासाच्या आधारे करणे बरे. मद्याच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्या, पण आपले नाव जाहीर न करणाऱ्या माणसांचा 'अल्कोहॉलिक्स अनॉनिमस' हा संघ अमेरिकेत १९३५ साली सुरू झाला. भारतात त्याचे काम १९५७ च्या सुमारास सुरू झाले आणि आज मराठीतूनही त्याच्या सभा भरतात.

१९३५ च्या मे महिन्यात विल्यम विल्सन हा न्यूयॉर्कचा गृहस्थ व्यवसायाच्या कामासाठी ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन या गावी आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसले, खिशात फारसे पैसे नव्हते, आणि उतरला होता त्या हॉटेलातील मद्यशाळा समोर दिसत होती. त्या क्षणी त्याला सुचले ते असे की, आपल्याला वाचायचे असेल तर आपल्यासारखाच दुसरा मद्यासक्त शोधून काढला पाहिजे. गावातील धर्मोपदेशकांना दूरध्वनी करीत करीत तो अखेर डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्यापर्यंत पोहोचला. स्मिथ पाव तासापुरते भेटण्यास कबूल झाला होता. भेट कित्येक तास चालली. आजवर स्मिथकडे आलेला प्रत्येक जण त्याचे भले करण्यास आलेला असे. हा पहिलाच माणूस स्वतःच्या गरजेसाठी आला होता आणि तसे उघड बोलत होता. त्याच वर्षी १० जून रोजी स्मिथने अखेरचा पेला घेतला. संघाचा जन्मदिवस तोच मानतात.

यात उपकार कोणी कोणावर केला? विल्सनने स्मिथला वाचविले हे जितके खरे, तितकेच स्मिथच्या ऐकून घेण्याने विल्सन वाचला हेही खरे. यज्ञाच्या संदर्भात तिसऱ्या अध्यायात जी परस्परभावना सांगितली आहे, म्हणजे एकमेकांना वाढवीत दोघांनीही श्रेयास पोहोचणे, तिचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. रोग्यांच्या मंडळाचा पुढारी हा वैद्य नसतो आणि दाताही नसतो. तो स्वतःच रोगी असतो. धर्मशाळा बांधणाऱ्या शेठजींचे आभार आणि त्याचे आभार एकाच भाषेत मानता येत नाहीत, ते यासाठी.

स्मिथने पुढे अ‍ॅक्रनच्या रुग्णालयात सुमारे ५,००० मद्यासक्तांवर मोबदला न घेता उपचार केले. तो १६ नोव्हेंबर १९५० रोजी वारला. त्याच्या अखेरच्या दिवसांत गावच्या मंडळींनी त्याचे मोठे स्मारक उभारण्याचा घाट घातला होता, तो त्याने प्रेमानेच मोडून काढला. विल्सन मागे राहिला. संघाचा मुख्य ग्रंथ १९३९ साली त्याच्याच हातून झाला होता. वादांत लोक त्याच्याच तोंडाकडे पाहत. एवढ्या अधिकाराचा माणूस सामान्यतः मरेपर्यंत गादी सोडीत नाही. संस्था कोणत्याही देशातली असो, हा अनुभव सारखाच. विल्सनने मात्र १९५१ पासून सभासदांनी निवडलेल्या प्रतिनिधींची वार्षिक परिषद सुरू केली आणि १९५५ च्या जुलैत, संघाला वीस वर्षे झाली असता, सेंट लुइस येथील अधिवेशनात सर्व कारभार त्या परिषदेच्या स्वाधीन केला. त्याच्या आदल्या वर्षी येल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवीही त्याने नाकारली होती.

पदवी नाकारण्यावर कोणी असा आक्षेप घेईल की, बाराव्या अध्यायातील भक्त निंदा आणि स्तुती समान मानतो. मग स्तुतीला इतके भ्यायचे कशाला? आक्षेप तर्काला धरून आहे, पण माणसाला सोडून आहे. मानाची आपल्याला किती ओढ आहे, हे विल्सन लपवीत नसे. ज्या मनुष्याला मद्याचा एक पेला कधीच पुरत नाही असे कळून चुकले आहे, त्याने स्तुतीचा पेलाही दुरूनच परत पाठवावा यात शहाणपण आहे. समत्व ही सिद्धाची स्थिती आहे. साधकाने पथ्यच पाळावे. मात्र बाहेरून येणारा गौरव आणि आपल्याच सोबत्यांनी ओल्या डोळ्यांनी म्हटलेले चार शब्द यांत अंतर आहे. पहिला नाकारता येतो. दुसरे नाकारणे हा सोबत्यांचा अव्हेर होईल, आणि पुष्कळदा त्या नकारात अहंकारच लपलेला असतो.

आता घेणाऱ्यांकडे वळू. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात एक प्रसंग आहे. रामाच्या साह्याने सुग्रीवाला राज्य मिळाले. पावसाळा संपला म्हणजे सीतेचा शोध करीन, असे त्याने वचन दिले होते. परंतु पावसाळा सरला तरी तो मद्यपानात आणि विलासात गुंग. लक्ष्मण संतापून येतो आणि त्याला बजावतो की, मद्यप्याला, चोराला, व्रत मोडणाऱ्याला सज्जनांनी प्रायश्चित्त सांगून ठेवले आहे. कृतघ्नाला मात्र प्रायश्चित्त नाही. व्यसनी माणसांच्या मंडळात या वचनाचा अर्थ फार निराळ्या तीव्रतेने उमटावा. दारू पिणाऱ्यास परतीची वाट आहे. त्या वाटेवर ज्याने हात धरला त्याला विसरणाऱ्यास ती नाही.

त्याच ग्रंथाच्या उत्तरकांडात मात्र राम हनुमंताला निरोप देताना याच्या उलट वाटावे असे बोलतो. तू माझ्यावर केलेला उपकार माझ्या ठायीच जिरून जावो, असे तो म्हणतो. कारण मनुष्य संकटात सापडतो तेव्हाच प्रत्युपकारास पात्र होतो. उपकार फेडण्याची इच्छा करणे म्हणजे उपकारकर्त्यावर संकट यावे असे इच्छिणेच होय! रोग्यांच्या मंडळात हे अक्षरशः खरे आहे. ज्याने रात्री-अपरात्री जागून आपल्याला सावरले, त्याची फेड करायची तर तो पुन्हा कोसळला पाहिजे. असे कोण इच्छील?

येथे भाषांतरकार बहुधा 'उपकार विरून जावो' असे लिहून पुढे जातात, पण मूळ धातूत झिजणे आणि पचणे हे दोन्ही अर्थ आहेत. पचलेले अन्न दिसेनासे होते खरे, पण त्याचे रक्त होते, बळ होते. सुग्रीव चुकला तो फेड केली नाही म्हणून नव्हे. त्याने उपकार खाल्ला आणि पचविला नाही. दिलेले वचन विसरून तो पुन्हा पेल्याकडे वळला.

संस्कृतातील 'कृतज्ञ' हा शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. मराठीतील 'आभार' या शब्दात ओझे आहे आणि 'उतराई' या शब्दात ते उतरविण्याची घाई. कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. ही जाणीव नेमकी असावी लागते. निरोपाच्या समारंभात वक्ते उठतात, पाहुण्याला सूर्य म्हणतात, वटवृक्ष म्हणतात, आणि त्याने प्रत्यक्ष काय केले हे एकही सांगत नाही. ती स्तुती कोणालाही लागू पडली असती. विल्सनला १९४४ नंतर कित्येक वर्षे तीव्र विषादाने ग्रासले होते. दारू सुटली तरी धूम्रपान सुटले नाही आणि फुप्फुसांच्या विकारानेच त्याचा अंत झाला. हे ज्ञात असूनही जो त्याचे ऋण मानतो, तोच खरा कृतज्ञ. देव करून बसविलेल्या माणसाचे ऋण मानणे सोपे असते, कारण त्याचे अनुकरण करण्याची जबाबदारी कोणी आपल्यावर टाकीत नाही.

आणखी एक बोल निरोपाच्या वेळी हटकून ऐकू येतो: "तुमच्यावाचून आमचे कसे होणार?" प्रेमाने म्हटलेला असला तरी हा आभार नव्हे, ही मागणी आहे. जाणाऱ्याच्या पायात घातलेली ती बेडी आहे. शिवाय त्यात त्याच्या कामाची निंदाही आहे. वीस वर्षे खपून त्याने उभे राहू शकतील असे लोक घडविले नाहीत, असाच तिचा अर्थ होतो.

मग म्हणावे तरी काय? गीतेत अर्जुन दोनदा कृष्णाला मनापासून बोलतो. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून तो लांबलचक स्तुती करतो. पण ती थरथर कापत केलेली आहे आणि तिच्यात क्षमेची याचना आहे. अठराव्याच्या शेवटी उपदेश संपतो तेव्हा त्याचे उत्तर एका श्लोकाचे आहे. त्यात एका संबोधनापलीकडे स्तुती नाही. आपला मोह गेला, आठवण परत आली, हे तो प्रथम सांगतो. ते कोणाच्या प्रसादाने झाले हे सांगतो. संशय फिटून आपण उभे राहिलो आहोत आणि सांगितले तसे करू, असे म्हणून थांबतो. मंडळातील सामान्य माणसालाही इतके बोलता येईल. अमुक रात्री तुमच्याशी बोलल्यामुळे घरी परत गेलो. आता येणाऱ्या नव्या माणसाजवळ मी बसेन. एवढे सांगायला वक्तृत्व लागत नाही, आणि ते ऐकायला जाणाऱ्याला संकोच वाटण्याचेही कारण नाही.

विल्सन २४ जानेवारी १९७१ रोजी वारला. त्यानंतरच वृत्तपत्रांनी त्याचे पूर्ण नाव संघाच्या नावाशी जोडून ठळकपणे छापले. व्हरमाँट प्रांतातील ईस्ट डॉर्सेट येथे त्याची आणि अ‍ॅक्रन येथे स्मिथची कबर आहे. दोहोंच्याही शिळांवर संघाचा उल्लेख नाही. किती काळ दारूवाचून गेला याची खूण म्हणून संघाच्या सभांतून सभासदांना बिल्ले मिळतात. दूरदूरची माणसे तेथे येतात आणि आपापले बिल्ले त्या शिळांवर ठेवून जातात.