भूक आवरणारं घर

रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची गोष्ट आईवडिलांनी वयात येणाऱ्या मुलांसोबत बसून पाहावी अशी कशी होते? रक्त कमी दाखवलं, सुळे झाकले की झालं, असं वरवर पाहता वाटतं. २००८ साली आलेल्या ‘ट्वायलाइट’ या चित्रपटात मला याहून खोल उत्तर दिसतं. या गोष्टीने व्हॅम्पायरची भूक काढून घेतली नाही, तिला घर दिलं. अनावर भूक एकट्याच्या जिद्दीवर फार काळ आवरत नाही, ती आवरायला आपली माणसं लागतात, हा या चित्रपटाचा गाभा आहे.

तो नीट समजण्यासाठी आधी ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’कडे वळावं लागतं. १८९७ सालच्या या कादंबरीत जोनाथन हार्कर हा तरुण वकील ट्रान्सिल्व्हेनियातल्या गढीत पाहुणा म्हणून उतरतो. टेबलावर उत्तम जेवण मांडलेलं असतं, पण यजमान काउंट ड्रॅक्युला स्वतः घासही घेत नाही. पुढे एकदा हार्करला दिसतं, की अंथरूण घालणारा आणि टेबल मांडणारा खुद्द काउंटच आहे. एवढ्या मोठ्या गढीत नोकरचाकर कोणीच नाही. तीन स्त्रिया आहेत, पण त्यांच्याशी नातं शिकारीच्या वाटणीपुरतं. त्या भरल्या टेबलामागे आपुलकी नसते, सावज राखण्याची काळजी असते.

आता ‘ट्वायलाइट’मधलं स्वयंपाकघर पाहा. वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या सदा ढगाळ, पावसाळी गावात कलन हे व्हॅम्पायरांचं कुटुंब राहतं. एडवर्ड हा त्यांचा मुलगा आपल्या वर्गातल्या बेलाला पहिल्यांदाच घरी आणतो. कलनांपैकी कोणीच अन्न खात नाही, तरीही सगळे ओट्याशी उभे राहून टीव्हीवरचा कार्यक्रम पाहत स्वयंपाक करत असतात. मुलीचं नाव बेला, म्हणून इटालियन बेत. हे स्वयंपाकघर आज पहिल्यांदाच वापरात आलं, याचा एझ्मीला, म्हणजे त्या घरातल्या आईला, कोण आनंद! एडवर्ड सांगतो की बेला जेवून आली आहे, तेव्हा त्या घरातली मुलगी रोझली हातातला काचेचा वाडगा रागाने फोडते. इथेही यजमान स्वतः न खाणारे, आणि पाहुणी माणूसच. पण ही धांदल तिच्या स्वागतासाठी आहे. दिग्दर्शिका कॅथरीन हार्डविक यांनी या छोट्या प्रसंगात पिशाच्चांना घरपण दिलं आहे, रुसव्याफुगव्यांसकट.

हे घरपण आयतं मिळालेलं नाही. ही गोष्ट मुळात स्टेफनी मेयर यांची; त्यांच्या २००५ ते २००८ या काळात आलेल्या चार कादंबऱ्यांत या घरपणाचा इतिहास आहे. कार्लाइल, म्हणजे त्या घरातला बाप, हा सतराव्या शतकातल्या लंडनच्या एका पाद्र्याचा मुलगा. व्हॅम्पायर झाल्यावर त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, तो साधला नाही. उपासमारीने कासावीस झाला असताना हरणांचा कळप समोर आला आणि माणसाचा जीव न घेता जगता येतं हे त्याला कळलं. पुढे तो डॉक्टर झाला. ज्या रक्ताची ओढ, त्याच रक्तात हात घालून तो माणसं वाचवू लागला. १९१८ च्या फ्लूच्या साथीत शिकागोत मरणाला टेकलेल्या एडवर्डला त्याने आपल्यात घेतलं, त्यामागे कार्लाइलचं दीर्घ एकटेपणही होतं.

एडवर्डही सरळ मार्गाने आलेला नाही. मधली काही वर्षं तो घर सोडून गेला आणि दुष्ट माणसांचाच जीव घेऊ लागला. दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येत असल्याने आपण फक्त गुन्हेगार टिपतो, असं समर्थन त्याच्याजवळ होतं. ते त्याला पुरलं नाही. तो परत आला आणि कार्लाइलने त्याला घरात घेतलं. घराबाहेर पडून चुकणं आणि परतल्यावर दार उघडं मिळणं ही गोष्ट वयात येणाऱ्या कोणत्याही मुलाची असू शकते.

चित्रपटाच्या शेवटी ही सारी शिकवण पणाला लागते. घरदार नसलेला, भटका शिकारी व्हॅम्पायर जेम्स बेलाला चावतो. तिच्या अंगात भिनणारं विष एडवर्डने शोषून काढायचं आणि रक्त शुद्ध होताच थांबायचं. आपल्याला थांबता येणार नाही, हे तो स्वतःच कबूल करतो. कार्लाइल शेजारी असतो. तो स्वतः पुढे होत नाही, एडवर्डला बळ एकवटायला सांगतो आणि वेळ येताच आता थांब म्हणतो. एडवर्ड थांबतो. निग्रह त्याचा, पण तो टिकतो बापाच्या आवाजाच्या आधाराने.

म्हणूनच या चित्रपटातली एक गोष्ट मला खटकते आणि ती मुलांशी बोलली पाहिजे असं वाटतं. बेला झोपलेली असताना एडवर्ड तिच्या नकळत खोलीत शिरून तिला पाहत बसतो. चित्रपट याला प्रेम मानतो. मी मानत नाही. तिची परवानगी न घेता घेतलेली ही मोकळीकही भूकच आहे, फक्त रक्ताची नाही. आणि ती नेमकी तिथे डोकं वर काढते, जिथे घरचं कोणी पाहत नसतं. कलनांच्या घराने रक्ताबद्दल जेवढी शिस्त लावली, तेवढी दुसऱ्याच्या खासगीपणाबद्दल लावली नाही.

सोळा-सतराव्या वर्षी राग, आकर्षण, हेवा अंगात अचानक उसळतात आणि मुलांना आपलीच भीती वाटू लागते. अशा वेळी ‘स्वतःला आवर’ एवढं सांगून मोठ्यांची जबाबदारी संपत नाही. त्यांना कार्लाइलसारखं शेजारी थांबावं लागतं: आपल्याही आत तेच आहे हे न लपवता, मुलांच्या वतीने निर्णय न घेता, आणि थांबायची वेळ आली की स्पष्ट सांगत. पिशाच्चाची ही गोष्ट मुलांसोबत पाहावी ती यासाठी, की तिच्यात मुलांइतकंच मोठ्यांनाही काम नेमून दिलं आहे.