याईराच्या घरी ताट



याईराची मुलगी उठून चालू लागल्यावर प्रभूने तिला खावयास देण्याची आज्ञा केली (मार्क 5). चमत्कार झाला, तरी तिच्या पोटाची काळजी त्याने घरच्यांवर सोपविली.

हैदराबादेत रेड हिल्सचे एम. एन. जे. कर्करोग रुग्णालय आपणांस ठाऊक आहेच. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील मोठ्या शस्त्रक्रियेस व्हिपल शस्त्रक्रिया म्हणतात. ती 1935 साली प्रसिद्धीस आणणारे डॉ. अ‍ॅलन व्हिपल हे इराणातील मिशनरी आईबापांचे पुत्र. तीत स्वादुपिंडाचा शीर्षभाग, लहान आतड्याचा आरंभ व पित्ताशय काढून उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर आतड्यास नव्याने जोडतात. अन्नाची वाटच बदलते! जठर सुस्तावते, चार घासांत पोट भरते. कित्येकांना जेवणाबरोबर पाचकरसाच्या कॅप्सूल लागतात, काहींना मधुमेह जडतो; आणि बहुधा केमोथेरपी पुढे असतेच.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मंडळी उपास करते. महिन्याने मात्र आपण बिर्याणीचा डबा पुढे करून म्हणतो, “विश्वासाने खा हो, भाऊ!” (हैदराबादी आग्रह तो!) बंधूंनो, न जेवणे हा अविश्वास नव्हे. झुडपाखाली निजलेल्या एलीयाला देवदूताने उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, आणि मग दुसऱ्यांदा उठवून वाढले (1 राजे 19).

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी पुढाकार घ्यावा. डॉक्टरांना विचारून सोमवारी पेज कोणी न्यावी, गुरुवारी मऊ खिचडी कोणी, हे ठरवावे. रुग्णाने दोन चमचे घेऊन वाटी बाजूस सारली, तर कोणी काही बोलू नये.